सोसायटीच्या हॉलमध्ये 'माय फेअर लेडी' (१९६४) दाखवायचा आहे: पडदा, आवाज, मध्यंतर, परवानगी

वाचनकट्टा_कोलशेत

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेत रोडवरच्या आमच्या सोसायटीचा वाचनकट्टा आहे. मागच्या बैठकीत पु. लं.च्या 'ती फुलराणी'चं अभिवाचन झालं आणि लगेच मागणी आली की याच गोष्टीवरचा (फुलं विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर हिगिन्स उच्चभ्रू इंग्रजी बोलायला शिकवतो) हॉलिवूडचा संगीतपट सगळ्यांनी एकत्र बसून पाहू. डिसेंबरमधला एखादा शनिवार, संध्याकाळची वेळ, क्लबहाउसचा हॉल. तिकीट नाही.

हॉल ४० फूट लांब, २५ फूट रुंद, छत साडेदहा फुटांवर. एका लांब बाजूला काचेच्या सरकत्या खिडक्या, खाली टाइल्स. माणसं ७०च्या आसपास, निम्मी साठीच्या पुढची, शिवाय दहा-बारा मुलं. हाताशी आहे ते असं: वार्षिक सभेला वापरतात तो एक्सजीए प्रोजेक्टर (वर ३००० ल्युमेन लिहिलंय), गणपतीत वापरतो ते दोन १२ इंची पॉवर्ड स्पीकर, सहा चॅनलचा मिक्सर आणि एक लॅपटॉप.

विचारायचं आहे ते हे. एवढ्या सामानावर भागेल का? चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन बारीक दिसतं, ते मोठं करून पडदा भरून टाकावा का? मराठी उपशीर्षकं करता येतील का? चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे; काही सभासद म्हणतात की गाणी पुढे ढकलून दोन तासांत बसवा. आणि मोफत दाखवतोय तर परवानगी लागते का?

पांढरा_पडदा

तो एक्सजीए प्रोजेक्टर सभेलाच राहू द्या. त्याची चौकट १०२४ बाय ७६८. हा चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर, सुपर पॅनाव्हिजन ७० पद्धतीने चित्रित झालाय आणि त्याचं प्रमाण २.२०:१ आहे. म्हणजे १०२४ रुंदीला उंचीच्या वाट्याला जेमतेम ४६५ ओळी येतात. वेशभूषाकार सेसिल बीटनने ॲस्कॉटच्या (घोड्यांच्या शर्यतीच्या) प्रसंगासाठी केलेले काळे-पांढरे कपडे, लेस, टोप्यांवरची पिसं, सगळ्याचा गिचमिड ठिपका होतो. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०चा प्रोजेक्टर भाड्याने घ्या. त्यावर ८७३ ओळी मिळतात. भाड्याने देणारे 'एचडी सपोर्ट करतो' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की तो एचडी सिग्नल आत घेतो. 'नेटिव्ह रिझोल्यूशन किती?' असंच विचारा आणि मॉडेल नंबर घेऊन खात्री करा.

पडदा १५० इंची, १६:९चा घ्या. त्याची रुंदी १० फूट ११ इंच, उंची साधारण ६ फूट दीड इंच. त्यावर हा चित्रपट ४ फूट ११ इंच उंचीचा दिसेल आणि वर-खाली सात-सात इंचांची काळी पट्टी राहील. ती राहू द्या. झूम करून पडदा भरलात तर दोन्ही बाजू मिळून चित्राचा जवळपास एक पंचमांश भाग कापला जातो. ॲस्कॉटच्या प्रसंगात माणसं आडव्या रांगेत, कडेपासून कडेपर्यंत उभी केली आहेत. हिगिन्सच्या अभ्यासिकेत एक जण डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला असतो. कापल्यावर बोलणारा चौकटीबाहेर जातो. 'फुल' किंवा 'स्ट्रेच'ने कापलं जात नाही, पण माणसं उभट आणि किडकिडीत दिसतात. प्रोजेक्टरवरही आणि प्लेयरवरही ॲस्पेक्ट 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' हवा. दोहोंपैकी एकावर चुकीचा राहिला की दुसऱ्यावर कितीही खटपट केली तरी सुधारत नाही.

पडदा विकत घ्यायची गरज नाही. मंडपवाल्याकडून १२ बाय ७ फुटांची लोखंडी पाइपची चौकट मिळते. त्यावर पडद्यांना मागून लावतात ते पांढरं ब्लॅकआउट अस्तर इलॅस्टिकने ताणून बांधा. साधी चादर लावली तर प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. चादरच वापरायची असेल तर मागे काळं कापड सोडा. फ्लेक्स टाळा. त्याच्या चकचकीत बाजूवर मधोमध दिव्याचा डाग दिसतो आणि कडेच्या खुर्च्यांवरून चित्र काळवंडलेलं दिसतं.

उंचीचं गणित आधी करा, कारण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांपर्यंत येतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घेतली तर वरची कड सव्वादहा फुटांच्या आत राहते, तुमच्या छताला ते बसतं. बहुतेक प्रोजेक्टर टेबलावर ठेवले की लेन्सच्या पातळीपासून वर चित्र टाकतात. तेव्हा लेन्सही चार फुटांच्या आसपास ठेवा, म्हणजे कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र चौकोनी करणारं सेटिंग) लागणार नाही. कीस्टोन वापरलं की प्रोजेक्टर स्वतःच चित्र दाबून तिरकं करतो आणि मिळवलेल्या ८७३ ओळींपैकी काही पुन्हा जातात. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून साडेसोळा फुटांवर येतो, म्हणजे ऐन प्रेक्षकांत. म्हणून खुर्च्यांचे दोन भाग करा, मध्ये चार फुटांची वाट सोडा आणि प्रोजेक्टर त्या वाटेत उभा करा. पहिली रांग पडद्यापासून ११-१२ फुटांवर. मागच्या रांगेतली खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीसमोर आली पाहिजे.

उजेडाबद्दल. पूर्ण अंधारात या पडद्याला खरे ११०० ल्युमेन पुरतात. पण खोक्यावर लिहिलेला आकडा सर्वांत भडक मोडचा असतो. 'सिनेमा' मोडला तो निम्म्यावर येतो आणि दिवा जुना असेल तर आणखी खाली. म्हणून ३०००चा मागा आणि सिनेमा मोडवर चालवा. भडक मोडला चेहरे हिरवट दिसतात. डिसेंबरात ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेसहाला सुरू करायला हरकत नाही. काचांवर आतून काळं कापड लावाच. पार्किंगमधून वळणाऱ्या गाडीचा दिवा थेट पडद्यावर येतो.

ध्वनिरेषा_नेरुळ

पैसे कुठे खर्च करायचे असा प्रश्न आला तर आधी आवाजावर करा. या चित्रपटात सगळी गोष्ट उच्चारांची आहे. एलायझा पहिल्या प्रसंगात कशी बोलते आणि ॲस्कॉटला कशी बोलते हा फरक कानाला कळला नाही तर हशा येणार नाही, आणि पुढे वकिलातीतल्या मेजवानीतली धाकधूकही पोचणार नाही. चित्र थोडं फिकं असलं तर लोक सांभाळून घेतात.

हॉलमधल्या खेळात सर्वांत जास्त वेळा होणारा घोटाळा असा: वाद्यवृंद दणदणीत ऐकू येतो आणि संवाद गायब. याची दोन वेगवेगळी कारणं असतात. पहिलं, डिस्कवरचा ट्रॅक ५.१ (सहा वेगळ्या चॅनलांचा) असतो आणि संवाद मधल्या, सेंटर चॅनलवर असतात. लॅपटॉप किंवा प्लेयर '५.१' वर राहिला आणि तुम्ही फक्त डावा-उजवा स्पीकर जोडलात तर सेंटर कुठेच वाजत नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'स्टिरिओ डाउनमिक्स' किंवा '२.० पीसीएम' निवडा. पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) बंद.

दुसरं कारण वायरचं, आणि ते पटकन लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून स्टिरिओ वायर काढून ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटला, म्हणजे एका एक्सएलआरला किंवा तीन कड्यांच्या मोठ्या जॅकला खोचली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. संवाद दोन्हीकडे सारखे असल्याने ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो फक्त पसरट वाद्यांचा आवाज आणि पोकळ घुमारा. उपाय सोपा आहे: ३.५ मिमीमधून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वायर घ्या, एक चॅनल १ ला, दुसरी चॅनल २ ला, आणि पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे हे ठरवणारं बटण) पूर्ण डावा, पूर्ण उजवा.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर, हॉर्न बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर, आणि दोन्हींचं तोंड शेवटून दुसऱ्या रांगेच्या मध्याकडे. ब्लूटूथ नको. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने मागे पडतो. ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर उच्चार शिकवण्याच्या प्रसंगांचा जीवच जातो. गुंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर तो अर्थिंगच्या वळशाचा आहे. लॅपटॉप, मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवा. तरीही राहिला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

आता हॉलचा घुमारा. टाइल्स आणि काच म्हटल्यावर टाळी वाजवून पाहा. टाळीमागे झणझण शेपूट येत असेल तर शब्द चिकटणार. काचेवर तुम्ही काळं कापड लावणारच आहात, ते सपाट न लावता चुण्या घालून जाड लावा, म्हणजे दोन्ही कामं होतील. मागच्या भिंतीवर दोन सतरंज्या टांगा, पहिल्या रांगेपुढे एक अंथरा. मिक्सरवर लो-कट (खालचे जाड सूर कापणारं बटण) असेल तर सुरू करा, नाहीतर बेस थोडा उतरवा; २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल वाढवा, व्यंजनं तिथे असतात. गणपतीतलं सेटिंग, म्हणजे बेस वर आणि ट्रेबल वर, हे या कामाला अगदी उलटं आहे.

आवाजाची पातळी गाण्यावर लावू नका. हिगिन्सच्या घरातला कुठलाही शांत संवाद लावा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, पंखे सुरू ठेवा आणि तिथे शब्द न ताणता कळेल इतका ठेवा. मग ॲस्कॉटची घोड्यांची शर्यत आणि मेजवानीतला वॉल्ट्झ लावून फाटत नाही ना एवढं बघा. रिकाम्या हॉलमध्ये लावलेली पातळी ७० माणसं बसल्यावर कमी पडते, तेव्हा ३-४ डेसिबल हातात राखून ठेवा. एकदा सुरू झाल्यावर गाण्यागणिक फेडर (आवाजाची सरकपट्टी) हलवू नका. हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला होता, कारण तो गाणं बोलत-बोलत म्हणतो आणि दर वेळी वेगळं म्हणतो. त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याचा आवाज सेटवरच घेतला गेला. इतरांची गाणी स्टुडिओतली. त्यामुळे त्याचा आवाज जवळचा आणि कोरडा वाटला तर ती तुमच्या यंत्रणेची चूक नाही.

तिसरी_घंटा

वरच्या दोघांनी तांत्रिक बाजू नीट सांगितली आहे. मला गाणी ढकलण्याच्या सूचनेबद्दल बोलायचं आहे, कारण तसं केलंत तर हा चित्रपट दाखवूच नये असं माझं ठाम मत आहे.

हे नाटकातून आलेलं काम आहे. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरमध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि २,७१७ प्रयोग झाले. शब्द ॲलन जे लर्नरचे, संगीत फ्रेडरिक लोवचं. जॉर्ज बर्नार्ड शॉ हयात असेपर्यंत 'पिग्मॅलियन'चं (या गोष्टीच्या त्याच्या मूळ नाटकाचं) संगीत नाटक करू देत नव्हता. तो १९५० मध्ये गेल्यावरच हे शक्य झालं. लर्नरने शॉचे संवाद मोठ्या प्रमाणावर तसेच ठेवले आणि जिथे शॉच्या नाटकात दोन अंकांच्या मधल्या काळात गोष्ट पुढे सरकते, तिथे गाणी घातली. शिकवणीचे महिने शॉच्या मूळ नाटकात जवळजवळ दिसतच नाहीत. इथे ते गाण्यांत दिसतात. गाणी काढली तर एलायझा एका प्रसंगात फुलं विकते आणि पुढच्याच प्रसंगात सरदार-दरकदारांत वावरते. मधलं काय झालं ते कोणालाच कळणार नाही.

एक उदाहरण घ्या. मेजवानीहून परत आल्यावर हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग 'यू डिड इट' गातात. दोघं एकमेकांची पाठ थोपटतात, नोकरचाकर त्यात सामील होतात आणि जिने हे सगळं केलं ती कोपऱ्यात उभी असते. तिच्याशी कोणी बोलतही नाही. लगेच पुढे ती हिगिन्सवर सपाता फेकते. गाणं ढकललंत की तो संताप अकारण वाटतो आणि पुढचा सगळा शेवट लटका पडतो. एलायझाचं 'जस्ट यू वेट' काढायचं म्हणाल तर तुमच्याच सभासदांना विचारा की 'ती फुलराणी'तून 'तुला शिकवीन चांगलाच धडा' काढलं तर चालेल का. दोन्हीकडे जागा तीच: पोरगी एकटी आहे, मास्तर समोर नाही आणि तोंडावर बोलता येत नाही ते ती आत्ता बोलून घेते. पु. लं.नी ते गाण्याऐवजी स्वगतात केलं आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वेंनी ते मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचं बसवलं. या गाण्याची सुरुवात नीट ऐका, तिथे एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नचा स्वतःचा आवाज आहे. तिची बाकीची बहुतेक गाणी गायिका मार्नी निक्सनने गायली आहेत.

वेळ कमी करायचाच असेल तर दोन शनिवार करा. तोडायची जागा चित्रपटातच आहे. मध्यंतर एलायझा, हिगिन्स आणि पिकरिंग मेजवानीला घरातून निघतात तिथे येतं, दीड तास उलटून गेल्यावर. नाटकात पहिला अंक मेजवानीतच, भाषातज्ज्ञ कार्पथी एलायझाबरोबर नाचतो तिथे संपतो. चित्रपटाने मध्यंतर त्याच्या आधी आणलं. त्यामुळे 'आता तिचं बिंग फुटणार का' हा प्रश्न घेऊन लोक चहाला उठतात. ही जागा सोडून दुसरीकडे कुठेही थांबवू नका.

सुरुवातीला फुलांच्या दृश्यांवर वाद्यवृंद वाजतो आणि नावं येतात, तेही कापू नका. आपल्याकडे तिसरी घंटा जे काम करते तेच त्याचं काम आहे. त्या वेळात दिवे एकेक करून बंद करा, उशिरा येणारे बसून घेतील. मध्यंतरानंतरही पुन्हा वाद्यवृंद वाजतो. तो सुरू केलात की चहाचे कप ठेवून लोक आपोआप आत येतात. साडेसहाला सुरू, सव्वाआठला मध्यंतर, २० मिनिटं, पावणेदहाच्या आत समाप्त. रात्री दहानंतरचे लाउडस्पीकरचे नियम बंदिस्त सभागृहाला वेगळे आहेत, पण शेजारच्या इमारतीला ते समजावण्याची वेळ येऊ देऊ नका.

टाइमकोड_ऐरोली

मराठी उपशीर्षकांबद्दल: करता येतात, पण डिसेंबरपर्यंत चांगली होणार नाहीत. इतक्या बोलक्या चित्रपटाला हजाराहून जास्त उपशीर्षकं लागतात. एका वेळी दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरांच्या आत, आणि पडद्यावर किमान एक सेकंद. हिगिन्स ज्या वेगाने बोलतो त्यात सगळं बसवायला निम्मं गाळावं लागतं. शिवाय गाणी यमकात आहेत. माझा सल्ला: इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि प्रत्येकाच्या हातात मराठी कथासाराचं एक पान द्या. ए-४ कागद, १४ पॉइंटचा टाइप, एकाच बाजूला. वर पात्रांच्या जोड्या (एलायझा म्हणजे आपली मंजुळा, हिगिन्स म्हणजे प्रोफेसर जहागीरदार), खाली प्रसंगाला दोन ओळी. मध्यंतराची जागा ठळक करा. शेवट छापू नका.

इंग्रजी उपशीर्षकं मात्र हवीतच. पहिल्या अर्ध्या तासात एलायझा आणि तिचा बाप लंडनच्या कॉकनी बोलीत बोलतात, ती इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही लागत नाही. साधी आणि कर्णबधिरांसाठीची असे दोन पर्याय असतील तर साधी निवडा. दुसऱ्यांत दार वाजलं, घोडे धावले असंही लिहून येतं आणि मुलं तेच वाचत बसतात.

उपशीर्षकं वेगळ्या फाइलमधून लावणार असाल तर आधी पूर्ण तपासा. सगळी सारख्याच अंतराने मागे-पुढे असतील तर व्हीएलसी या प्लेयरमध्ये कीबोर्डवरच्या जी आणि एच या कळांनी ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवता येतात. पण सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू घसरत जातात असं असेल तर गती वेगळी आहे. युरोपातली डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींची असते, त्यामुळे १७० मिनिटांचा चित्रपट तिच्यावर १६३ मिनिटांत संपतो. २४च्या हिशेबाने केलेली फाइल शेवटी सात मिनिटं मागे पडलेली असते. कळा दाबून ते सुटत नाही, फाइलची गती बदलावी लागते.

मराठीत काही ओळी दाखवायच्याच असतील, उदाहरणार्थ मध्यंतराची पाटी, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि लॅपटॉपवरच चालवा. पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला लावला की देवनागरीच्या जागी चौकोन येतात, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. अक्षरं जोडून दाखवणारी प्रणाली त्या स्वस्त प्लेयरमध्ये नसते, फाँट बदलून फरक पडत नाही.

वकील_नौपाडा

परवानगीचं. डिस्क विकत घेतली किंवा ओटीटीचं वर्गणीदार झालं की घरी पाहण्याचा हक्क मिळतो, ७० माणसांना हॉलमध्ये दाखवण्याचा नाही. तिकीट नसल्याने त्यात बदल होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एल) मध्ये हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, पण ती साहित्य, नाट्य आणि संगीत कृतींना. चित्रपट त्यात नाही. तुमचं 'ती फुलराणी'चं अभिवाचन बिनतिकीट असेल तर ते त्या सवलतीत बसतं.

इथे कोणीतरी म्हणेलच की चित्रपटाचा कॉपीराइट भारतात प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो आणि १९६४ चा चित्रपट २०२४ अखेर त्यातून बाहेर पडला. हिशेब बरोबर आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. गीतं आणि संगीत या स्वतंत्र कृती आहेत आणि त्यांची मुदत लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लर्नर १९८६ मध्ये गेला, लोव १९८८ मध्ये. म्हणजे २०४६ आणि २०४८ अखेरपर्यंत ते हक्क जिवंत आहेत. ओटीटीच्या करारात सार्वजनिक प्रदर्शनाला मनाई असते ती आणखी वेगळी.

डिस्कच्या मागे ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या भारतातल्या वितरकाला ईमेल करा. तारीख, ठिकाण, प्रेक्षकसंख्या, तिकीट आणि प्रायोजक नाहीत, कोणती आवृत्ती दाखवणार, एवढं पहिल्याच पत्रात लिहा. लेखी उत्तर आल्याशिवाय फलक लावू नका. किमान सहा आठवडे हातात ठेवा. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेली ठाण्या-मुंबईतली एखादी फिल्म सोसायटी बरोबर घेतलीत तर हा पत्रव्यवहार कसा करायचा ते त्यांना माहीत असतं.

मुलांकडून एखादा प्रवेश करवून घ्यायचा विचार आला तर शॉचं मूळ 'पिग्मॅलियन' भारतात २०११ पासून मुक्त आहे. त्यातला प्रवेश मराठीत स्वतः उतरवून खुशाल करा. चित्रपटातली गाणी त्यात घातलीत की वरचा सगळा हिशेब पुन्हा लागू होतो.

वाचनकट्टा_कोलशेत

सर्वांचे मनापासून आभार. गाणी कापणार नाही, एकाच संध्याकाळी पूर्ण दाखवू. वकीलसाहेब, ईमेलचा मसुदा या आठवड्यात करतो. दोन शंका राहिल्या. डिस्क कोणती घ्यावी? आणि मधेच वीज गेली तर? जनरेटर आहे, पण तो सुरू व्हायला १५-२० सेकंद लागतात.

पांढरा_पडदा

वीज: प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १००० व्हीएच्या यूपीएसवर ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर साधारण ३०० ते ३५० वॉट घेतो, लॅपटॉप ६५. जनरेटर येईपर्यंतची २० सेकंदं सहज निघतात. यूपीएस नसेल तर तोटा २० सेकंदांचा नाही. तापलेला दिवा वीज आल्यावर लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं घेतो, शिवाय अचानक पंखा थांबल्याने दिव्याचं आयुष्य कमी होतं. स्पीकर यूपीएसवर घालू नका, भार वाढतो. बॅटरी जुनी असेल तर आदल्या दिवशी प्रोजेक्टर चालू ठेवून प्लग काढून बघा.

एचडीएमआय वायर १० मीटरपर्यंत साधी चालते. लॅपटॉप मागे ठेवून १५ मीटरच्या पुढे गेलात तर ॲक्टिव्ह वायर घ्या, नाहीतर चित्र मधूनच जाऊन येतं. मध्ये स्वस्त स्प्लिटर किंवा व्हीजीए कन्व्हर्टर घालू नका. कॉपी-संरक्षण तुटतं आणि आवाज येतो पण पडदा काळा राहतो. लॅपटॉपचे स्लीप, अपडेट आणि सूचना बंद करा.

टाइमकोड_ऐरोली

डिस्क: २०११ ची ब्लू-रे टाळा, तिचं चित्र मऊ आणि निस्तेज आहे. ६५ मिमी घटकांवरून नव्याने स्कॅन करून जीर्णोद्धार केलेली २०१५ ची आवृत्ती घ्या. मागवताना रीजन बघा. भारतातले ब्लू-रे प्लेयर रीजन सी चे, अमेरिकेतली डिस्क ए ची, युरोपातली बी ची; न जुळणारी डिस्क प्लेयर घेतच नाही. ४के यूएचडी डिस्कला रीजन नसतो, पण तिला यूएचडी प्लेयरच लागतो, लॅपटॉपला जोडलेला जुना ब्लू-रे ड्राइव्ह ती वाचणार नाही. कोणतीही आणलीत तरी आधी एकदा पूर्ण चालवा, आणि मध्यंतराच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मिनिटं त्याच प्रोजेक्टरवर, त्याच वायरने पाहून ठेवा.